फॉन्टबरोबर त्याच्या मूळ फायलीही मागा: मुक्त फॉन्ट-संग्रह चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मुक्त फॉन्टचे संग्रह चालवणारे व्यवस्थापक आणि निवड समित्यांचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

आपल्या संग्रहात फॉन्ट देऊ करणाऱ्याकडून कोणत्या प्रकारची फाईल घ्यायची आणि कोणती परत पाठवायची, याचा नियम आपण ठरवत आहात. बहुतेक ठिकाणी हा नियम चार ओळींत उरकला जातो: टीटीएफ चालेल, ओटीएफ चालेल, झिप करून पाठवा, आकार अमुक इतक्याच्या वर नको. आपण तो असा उरकू नये, ही माझी कळकळीची विनंती. जमा झालेल्या फॉन्टचे पुढच्या माणसाला काय करता येईल, ते याच नियमावर ठरणार आहे. त्याला तो नुसता बसवून वापरता येईल, की त्यात राहून गेलेले अक्षर घालता येईल, बिघडलेली जागा सुधारता येईल, आणखी एका लिपीची जोड देता येईल? मुक्त परवाना या सगळ्याला मोकळीक देतो. पण परवाना हाती असूनही सोबत फक्त तयार फाईल असेल, तर ती मोकळीक प्रत्यक्षात वापरणे फार थोड्यांना जमते.

माझे म्हणणे आधी एकदम सांगून टाकतो. प्रत्येक नव्या फॉन्टबरोबर दोन गोष्टी घ्या: तयार फॉन्ट, म्हणजे टीटीएफ किंवा ओटीएफ, आणि तो ज्यांतून तयार झाला त्या मूळ फायली. वेबपानांसाठीची रूपे कोणाकडूनही घेऊ नका, ती आपणच बनवा. जुन्या प्रकारांना नाही म्हणू नका, पण त्यांची सोय वेगळ्या दालनात करा. आता कारणे.

टीटीएफ आणि ओटीएफ या दोन नावांवरून बरेच गैरसमज आहेत आणि ते नियमातही उतरतात. ट्रूटाइप (टीटीएफ) ॲपलने १९९१ मध्ये आणले आणि पुढच्याच वर्षी ते विंडोज ३.१ मध्ये आले. मायक्रोसॉफ्ट आणि ॲडोबी यांनी १९९६ मध्ये ओपनटाइप (ओटीएफ) जाहीर केले. त्याने ट्रूटाइपचाच सांगाडा उचलला आणि त्यात दोन्ही पद्धतींच्या बाह्यरेषांना जागा दिली. ट्रूटाइपच्या वक्ररेषा द्विघाती असतात, ॲडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठी पानाचे वर्णन करणारी भाषा) परंपरेतल्या त्रिघाती. फायलीचे बाकीचे तक्ते, म्हणजे कोणत्या संकेतांकाला कोणती अक्षराकृती, कोणत्या जोडीत किती अंतर, कुठे कोणते जोडाक्षर, हे दोन्हींत सारखेच. पुढे हाच आराखडा आयएसओचे मानक झाला. त्यामुळे टीटीएफ म्हणजे जुने आणि ओटीएफ म्हणजे नवे किंवा जास्त चांगले, असे काही नाही. जोडाक्षरांचे सगळे तक्ते असलेली उत्तम टीटीएफ असू शकते आणि एकही तक्ता नसलेली ओटीएफही असू शकते.

म्हणून नियमात दोन्ही ठेवा आणि देणाऱ्याने ज्या रूपात काम केले त्याच रूपात घ्या. काही संग्रह सगळे फॉन्ट एकाच प्रकारात हवेत म्हणून आलेल्या ओटीएफचे टीटीएफ करून ठेवतात आणि मूळ टाकून देतात. त्रिघाती रेषेचे द्विघाती रूपांतर नेहमी जवळपासचे असते, तंतोतंत नसते. बिंदूंची संख्या वाढते, आणि पुढे कोणी ते पुन्हा त्रिघाती केले तर आखणाऱ्याने विचारपूर्वक ठेवलेले बिंदू परत मिळत नाहीत. छोट्या आकारात अक्षर स्वच्छ दिसावे म्हणून आत भरलेल्या सूचनाही या उलाढालीत टिकत नाहीत, कारण दोन्ही पद्धतींची त्यासाठीची यंत्रणा मुळातच वेगळी आहे. ट्रूटाइपमध्ये प्रत्येक अक्षराकृतीबरोबर अक्षरशः एक छोटा प्रोग्रॅम असतो. ॲडोबीच्या पद्धतीत नुसत्या खुणा असतात आणि त्यांचे काय करायचे ते दाखवणारी प्रणाली ठरवते. रूपांतराची सोय जरूर द्या, पण आलेली फाईल जशी आली तशी जपून ठेवा.

फायलीची ओळख नावाच्या शेपटीवरून पटवू नका, हेही नियमात स्पष्ट लिहा. फायलीचे पहिले चार बाइट सगळे सांगतात. ट्रूटाइप रेषांच्या फायलीत तिथे शून्य, एक, शून्य, शून्य असते. पोस्टस्क्रिप्ट रेषांच्या फायलीत 'ओटीटीओ' ही अक्षरे असतात. एका फायलीत अनेक फॉन्ट बांधलेले असतील तर 'टीटीसीएफ'. वेबच्या आवळलेल्या रूपांना त्यांची स्वतःची वेगळी खूण असते. नाव बदलून पाठवलेली फाईल या एका तपासणीत सापडते. शिवाय ओटीएफ अशी शेपटी आणि आत ट्रूटाइप रेषा, हे मानकाला धरूनच असते. अशा फाईलला नुसत्या नावावरून नाकारणे देणाऱ्यावर अन्याय होईल.

आता त्या भागाकडे येतो जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि ज्याकडे लॅटिन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेले नियम पाहतच नाहीत. फाईल निर्दोष टीटीएफ आहे, एवढ्याने ती त्या लिपीचा फॉन्ट ठरत नाही.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक संकेतांक देणारे मानक, रुळण्यापूर्वी देवनागरीसह अनेक लिप्यांचे फॉन्ट एका युक्तीने बनत. लॅटिन अक्षरांच्या जागी काना, मात्रा, अर्धी व्यंजने, रफार यांचे तुकडे बसवायचे आणि टंकलेखन करणाऱ्याने ते तुकडे दिसतील त्या क्रमाने जुळवायचे. छापील पान देखणे होई. पण तो मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की रोमी अक्षरांचा निरर्थक ढीग दिसे. त्यात शोध लागत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, दृष्टिहीनांसाठी वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला तो वाचता येत नाही. अशा फॉन्टची फाईल तांत्रिकदृष्ट्या धडधाकट टीटीएफ असते. आपला तपास फक्त प्रकार पाहणारा असेल तर ती आरामात आत येते, 'देवनागरी' अशी पट्टी लावून बसते, आणि कोणीतरी तिच्यात वर्षभराचे लिखाण करून ठेवते.

म्यानमारच्या बर्मी लिपीत याहून फसवा प्रकार झाला. झॉजी नावाच्या फॉन्टने युनिकोडमधल्या बर्मी लिपीच्याच जागा वापरल्या, पण स्वतःच्या रचनेने. वरवरच्या तपासणीत तो युनिकोड फॉन्टच वाटावा. तो इतका पसरला की एकाच देशात एकाच भाषेचा मजकूर दोन पद्धतींनी लिहिला जाऊ लागला, आणि अखेर १ ऑक्टोबर २०१९ हा दिवस ठरवून म्यानमारने अधिकृतपणे युनिकोडकडे वळण्याचे पाऊल उचलले. एका फॉन्टच्या आतल्या मांडणीचे परिणाम निस्तरायला देशपातळीवरचा निर्णय लागला. फॉन्टची देवाणघेवाण करणाऱ्या प्रत्येक संग्रहाने हे उदाहरण समोर ठेवावे.

तेव्हा नियमात असे लिहा: फॉन्ट ज्या लिपीचा म्हणून दिला जातो त्या लिपीच्या अक्षराकृती युनिकोडने नेमून दिलेल्या संकेतांकांवर असल्या पाहिजेत, आणि त्या लिपीला लागणारे अदलाबदलीचे व जागा ठरवण्याचे तक्ते फायलीत असले पाहिजेत. देवनागरीत या तक्त्यांशिवाय 'क्ष' जुळत नाही, रफार जागेवर जात नाही, 'द्ध' एकमेकांपासून सुटतो. अरबी लिपीत तर जवळजवळ प्रत्येक अक्षर शब्दातल्या जागेप्रमाणे रूप बदलते. तक्ते नसतील तर सुटी अक्षरे एकापुढे एक उभी राहतात आणि शब्द बनतच नाही. हे सगळे तपासायला समितीत प्रत्येक लिपीचा जाणकार असायलाच हवा असे नाही. प्रत्येक लिपीसाठी नमुन्याचा एक परिच्छेद ठेवायचा, हार्फबझसारख्या अक्षरजुळणी करणाऱ्या मुक्त प्रणालीतून तो काढून पाहायचा आणि त्याचे चित्र फॉन्टच्या पानावर लावायचे. त्या लिपीत वाचणारा माणूस ते चित्र क्षणभर पाहून निर्णय देईल.

याच ठिकाणी एक बारकावा सांगायला हवा. देवनागरीसाठी ओपनटाइपमध्ये लिपीच्या दोन खुणा आहेत, एक जुनी आणि एक नवी. काही जोडण्यांत हलन्त आणि व्यंजन यांचा क्रम दोन्हींत उलट धरला जातो. जुन्या खुणेवरच थांबलेला फॉन्ट एका प्रणालीत ठीक दिसतो, दुसरीत बिघडतो. लिपीच्या खाली भाषेचीही खूण असते. मराठी वाचकाला 'ल' आणि 'श' यांची जी वळणे हवीत ती याच खुणेमागे बसवलेली असतात. 'दऱ्या' आणि 'वाऱ्या' यांतला तो आडवा, पापणीसारखा र फॉन्टमध्ये नसेल तर मराठी मजकूर चुकीचा छापला जातो, मग फाईल कितीही नियमात बसणारी असो. असे फॉन्ट नाकारा असे मी म्हणत नाही. फॉन्टच्या पानावर कोणत्या लिपीबरोबर कोणत्या भाषांची सोय आहे तेही लिहा. ही माहिती फाईलमधून आपोआप काढता येते.

वेबच्या रूपांबद्दल थोडक्यात. वॉफ हे डब्ल्यूथ्रीसीचे (वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे) शिफारसप्राप्त मानक २०१२ मध्ये झाले, वॉफ२ २०१८ मध्ये. दोन्हींचे काम एकच: टीटीएफ किंवा ओटीएफ आवळून लहान करायची, म्हणजे पान लवकर उघडते. वॉफ२ त्यासाठी ब्रॉटली ही अधिक कसलेली पद्धत वापरते. हे वेष्टन आहे, वेगळा फॉन्ट नव्हे. म्हणून ते देणाऱ्याकडून घेण्यात काही अर्थ नाही. शिवाय वेबवर फिरणाऱ्या वॉफ फायली बहुतेक वेळा छाटलेल्या असतात. ज्या पानासाठी त्या बनल्या तेवढीच अक्षरे ठेवलेली, जोडाक्षरांचे तक्ते काढून टाकलेले, कधी परवान्याची ओळही उडालेली. अशी फाईल संग्रहात आली की तीच पूर्ण फॉन्ट म्हणून पसरते. पूर्ण टीटीएफ किंवा ओटीएफ घ्या आणि आपल्या सर्व्हरवर वॉफ२ तयार करून द्या. प्रत्येक फॉन्टला एकाच पद्धतीने, काहीही न छाटता.

इथे परवान्याचा एक मुद्दा येतो आणि तो बऱ्याच ठिकाणी दुर्लक्षित राहतो. एसआयएल या भाषांवर काम करणाऱ्या संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्समध्ये, ज्याची १.१ आवृत्ती २००७ पासून चालू आहे, फॉन्टकर्त्याला आपल्या फॉन्टचे नाव राखून ठेवता येते. कोणी फॉन्ट बदलला तर त्याला ते राखीव नाव वापरता येत नाही. एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेणे हा सर्वसाधारणपणे बदलच मानला जातो. मात्र काहीही न गाळता, आतली माहिती तशीच ठेवून नुसते वॉफमध्ये आवळले, तर तो बदल धरला जात नाही, असे त्या परवान्याच्या प्रश्नोत्तरांत सांगितले आहे. म्हणजे आपण सर्व्हरवर जे करू त्यात छाटणी नसेल तर नाव तसेच ठेवता येते. ओटीएफचे टीटीएफ करून त्याच राखीव नावाने वाटत असाल तर कर्त्याची परवानगी घ्यावी लागेल. नियम करताना हा फरक लक्षात घ्या. ज्या माणसाने महिनोन्‌महिने खपून फॉन्ट फुकट दिला, त्याने दिलेल्या नावाची एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

ईओटी आणि एसव्हीजी फॉन्ट या वेबच्या जुन्या रूपांना आता रजा द्यावी. ईओटी फक्त इंटरनेट एक्स्प्लोररला कळायचे आणि तो ब्राउझर निवृत्त झाला. एसव्हीजी फॉन्ट फायरफॉक्सने कधी स्वीकारले नाहीत, क्रोमने २०१४ च्या सुमारास सोडून दिले. रंगीत फॉन्टमध्ये, ओपनटाइपच्या आत, एसव्हीजीचा एक तक्ता असतो. तो प्रकार वेगळा आणि चालू आहे, त्याला या बंदीत ओढू नका.

मूळ फायलींबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण बहुतेक नियमांत त्यांचा उल्लेखच नसतो.

तयार फॉन्ट हा बांधून झालेला माल आहे. फॉन्ट आखणारा काम करतो तेव्हा 'क' चा दांडा आणि 'व' चा दांडा एकाच तुकड्यातून आलेले असतात. गोलाई आणि दांडा एकमेकांवर चढलेले, सुटे हलवता येतील असे असतात. मात्रा कुठे टेकावी यासाठी प्रत्येक अक्षरावर नावे दिलेले बिंदू असतात. अंतर ठरवताना सारख्या बाजूची अक्षरे गटात बांधलेली असतात. जोडाक्षरांचे नियम वाचता येतील अशा ओळींत, शेजारी टिपा घालून लिहिलेले असतात. फॉन्ट बांधताना यातले बरेच वितळते. एकमेकांवर चढलेले तुकडे एकजीव होतात, मदतरेषा जातात, गटांची नावे जातात, टिपा तर जातातच. टीटीएक्ससारख्या साधनाने तयार फॉन्टची एक्सएमएल काढता येते आणि काही देणारे तीच 'मूळ फाईल' म्हणून जोडतात. ती मूळ फाईल नव्हे. बांधलेल्या मालाचेच ते वाचनीय वर्णन आहे, आणि जे वितळले ते त्यातही नसते. नियमात हे स्पष्ट करा.

मूळ फायलींनी काय साधते याची उदाहरणे फॉन्टच्या इतिहासातच आहेत. बिटस्ट्रीम या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीने २००३ मध्ये ग्नोम फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेशी झालेल्या करारानुसार व्हेरा हे फॉन्टकुटुंब बदल करायला मोकळीक देऊन खुले केले. त्यात अक्षरे मर्यादित होती. त्यावरून डेजावू हा फॉन्ट उभा राहिला आणि ग्रीक, सिरिलिक आणि इतर कितीतरी अक्षरे त्यात येत गेली. डेजावूच्या लोकांनी नुसते तयार फॉन्ट वाटले नाहीत. फॉन्टफोर्ज या फॉन्ट आखण्याच्या मुक्त प्रोग्रॅमच्या एसएफडी फायली, ज्या मजकुराच्या रूपात असतात, त्याही सर्वांपुढे ठेवल्या. म्हणूनच वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांना आपापल्या लिपीचा तुकडा त्यात बसवता आला. त्याआधी १९९२ मध्ये बिटस्ट्रीमनेच अक्षररचनाकार मॅथ्यू कार्टर यांचा चार्टर हा फॉन्ट एक्स कन्सोर्टियमला (युनिक्स संगणकांची एक्स विंडो प्रणाली सांभाळणाऱ्या गटाला) दिला होता. त्याच्या पायावर एसआयएलने चारिस उभारला, जो भाषाशास्त्रज्ञ आणि अनेक छोट्या भाषांचे लेखक आज वापरतात. एका माणसाने आखलेली अक्षरे त्याने कधी कल्पनाही न केलेल्या भाषांपर्यंत गेली. मुक्त संग्रहाकडून मला नेमकी हीच अपेक्षा आहे.

कोणत्या मूळ फायली घ्याव्यात? माझे उत्तर उदार आहे: ज्यात काम झाले त्या सगळ्या. पण पसंतीक्रम जाहीर करा. यूएफओ (युनिफाइड फॉन्ट ऑब्जेक्ट) हा मूळ फायलींचा प्रकार सर्वांत वर असावा. तो कोणत्याही एका प्रोग्रॅमचा नाही. प्रत्येक अक्षराकृतीची वेगळी एक्सएमएल फाईल असते, त्यामुळे दोन आवृत्त्यांत नेमके काय बदलले ते ओळ-ओळ दिसते. तो मुळात फायलींचा फोल्डर आहे, म्हणून झिपमध्ये आला तर त्याची रचना मोडणार नाही एवढी काळजी घ्या. एसएफडी आणि ग्लिफ्स या प्रोग्रॅमची फाईल, दोन्ही मजकूररूप आहेत आणि दोन्हींतून यूएफओ काढता येते. फॉन्टलॅब या प्रोग्रॅमच्या जुन्या व्हीएफबी फायली बंदिस्त बायनरी आहेत. त्या नाकारू नका, पण सोबत यूएफओही द्या अशी विनंती करा. ज्यांनी मेटाफॉन्टसारख्या पद्धतीने प्रोग्रॅम लिहून फॉन्ट घडवला, त्यांचा प्रोग्रॅम हीच मूळ फाईल. बिटमॅप फॉन्टचे बीडीएफही साधा मजकूर असल्यामुळे स्वतःच स्वतःचे मूळ आहे. ते आनंदाने घ्या.

मूळ फायली सक्तीच्या कराव्यात का, यावर मतभेद होतील हे मला दिसते आहे. सक्ती केली तर देणारे कमी होतील, ही भीती खरी आहे. काहींच्या मूळ फायली हरवलेल्या असतात. काहींना आपले अर्धवट काम, फसलेले थर, टिपा कोणाला दाखवायच्या नसतात. तरीही माझे मत सक्तीच्या बाजूने आहे, फक्त तीत एक वाट ठेवावी: मूळ फायली नसतील तर त्या का नाहीत हे देणाऱ्याने एका वाक्यात लिहावे आणि ते वाक्य फॉन्टच्या पानावर दिसावे. फसलेले थर काढून टाकून दिले तरी चालेल. पण 'मूळ फायली ऐच्छिक' असे लिहिले की त्या येत नाहीत. ऐच्छिक रकाना रिकामा सोडून माणूस पुढे जातो, आणि काही वर्षांनी त्याचा संगणक बदलतो, डिस्क बिघडते, पत्ता बदलतो. मागायची खरी वेळ फॉन्ट देतानाचीच असते, कारण त्या क्षणी फायली त्याच्यासमोर उघड्या असतात.

आता जुने प्रकार. ॲडोबीचा टाइप १ हा पोस्टस्क्रिप्ट फॉन्टचा प्रकार १९८४ पासूनचा. त्याचे तपशील १९९० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे कितीतरी उत्तम कामे त्यातच झाली, वर उल्लेखलेला चार्टर त्यांतलाच. जानेवारी २०२३ मध्ये ॲडोबीने आपल्याच प्रोग्रॅममधून त्याला निरोप दिला. लिबरऑफिसने त्याआधीच तो सोडला होता. रोजच्या वापरासाठी हा प्रकार संपला, आणि नवा फॉन्ट कोणी टाइप १ मध्ये देत असेल तर त्याला ओटीएफ मागावे. पण मुक्त परवान्याखालचे जुने टाइप १ फॉन्ट कोणी आणून देत असेल तर त्याला परत पाठवू नका. त्यांच्यासाठी 'जुना संग्रह' असे दालन ठेवा, तिथे अक्षराकृती असलेली मूळ पीएफबी आणि अंतरांची माहिती असलेली एएफएम अशी जोडी एकत्रच घ्या, कारण एएफएमशिवाय अक्षरांच्या जोड्यांमधली अंतरे हरवतात. ओटीएफ रूपांतर शेजारी द्या. दोन्हींच्या वक्ररेषा त्रिघातीच असल्याने या रूपांतरात आकार बिघडत नाहीत. जुन्या मॅकच्या काही फॉन्टमध्ये खरी माहिती फायलीच्या दुसऱ्या शाखेत असते. इतर प्रणालींवर नक्कल केली की शून्य आकाराची फाईल उरते. देणाऱ्याला हे आधीच कळवा, नाहीतर बिचारा रिकामी फाईल पाठवून आपले काम जतन झाले असे समजत राहील.

सुरक्षेचा विचार या निर्णयात हवाच. फॉन्ट म्हणजे निरुपद्रवी चित्रे असे मानणे धोक्याचे आहे. २०११ मध्ये सापडलेल्या डुकू या हेरगिरी करणाऱ्या प्रोग्रॅमने वर्डच्या दस्तऐवजात घातलेल्या ट्रूटाइप फॉन्टमधून विंडोजच्या गाभ्यात शिरकाव केला होता. मार्च २०२० मध्ये विंडोजच्या ॲडोबी टाइप मॅनेजर लायब्ररीतल्या त्रुटींचा गैरवापर होत असल्याचा इशारा मायक्रोसॉफ्टला द्यावा लागला, आणि त्यांचा संबंध टाइप १ शी होता. म्हणून जुने दालन वेगळे हवे असे मी वर म्हटले. क्रोम आणि फायरफॉक्स वेबवरून आलेला प्रत्येक फॉन्ट दाखवण्यापूर्वी ओटीएस नावाच्या मुक्त चाळणीतून काढतात. आपणही प्रत्येक तयार फॉन्ट तिच्यातून काढा आणि जो अडकेल त्याच्या कर्त्याला नेमके कारण कळवा. बऱ्याचदा ती खोडी नसते, बांधणीतली साधी चूक असते आणि ती त्याला हवीच असते. आपोआप बसणाऱ्या ईएक्सई फायली मात्र कोणत्याही कारणाने घेऊ नका. गठ्ठ्यासाठी झिप पुरे.

व्हेरिएबल फॉन्ट घ्या. ॲडोबी, ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये ते मिळून जाहीर केले, आणि आता ते नवीन राहिलेले नाहीत. एकाच फायलीत बारीक ते ठळक असा सगळा पल्ला मावतो. पण ज्यांच्या प्रोग्रॅमला ते कळत नाही त्यांच्यासाठी नेहमीची स्थिर वजनेही मागा. अनेक फॉन्ट एकत्र बांधलेली टीटीसी आली तर सुट्या फायलीही घ्या.

परवान्याचा मजकूर गठ्ठ्यात वेगळ्या फायलीत असावा, हे बहुतेक ठिकाणी मागितले जाते. मी एक भर सुचवतो. फॉन्टच्या आत नावांचा जो तक्ता असतो त्यात स्वामित्व, परवाना आणि परवान्याचा पत्ता यांसाठी ठरलेल्या जागा आहेत. त्या भरलेल्या असाव्यात असा नियम करा. गठ्ठा सुटतो, परवान्याची फाईल मागे राहते आणि फॉन्ट एकटाच पुढे प्रवास करतो. आतली ओळ त्याच्याबरोबर जाते. दस्तऐवजात फॉन्ट घालायला परवानगी आहे की नाही, हे सांगणारा एक आकडाही फायलीत असतो. परवाना मुक्त आणि आकडा 'मनाई'चा, असे फॉन्ट मी पाहिले आहेत. त्यात कर्त्याचा हेतू नसतो, प्रोग्रॅमने आधीपासून ठेवलेली किंमत तशीच राहिलेली असते. पण त्यामुळे काही प्रोग्रॅम पीडीएफमध्ये तो फॉन्ट घालू देत नाहीत आणि वापरणाऱ्याला कारण कळत नाही. परवाना आणि हा आकडा यांचा मेळ आहे का, हे आपोआप तपासता येते. तपासा आणि कर्त्याला सांगा.

हा नियम जाहीर करताना त्याबरोबर कारणेही लिहा. 'यूएफओ द्या' एवढेच वाचून नवखा माणूस बिचकतो. ते का हवे आणि आपल्या प्रोग्रॅममधून ते कसे काढायचे, हे दोन परिच्छेदांत सांगितले तर तो देतो. नियमावर तारीख घाला, म्हणजे कोणता फॉन्ट कोणत्या नियमाखाली आला ते पुढे कळेल. आणि नवा नियम मागे लावू नका. आधीपासून संग्रहात असलेल्या आणि या अटींत न बसणाऱ्या फॉन्टना काढून टाकू नका. त्यांच्या पानावर काय कमी आहे ते लिहा, कर्त्यांचा पत्ता असेल तर मूळ फायलींसाठी त्यांना लिहा. आज ती माणसे सापडतील. देवनागरी फॉन्टच्या तपासणीसाठी आणि नमुन्याचे परिच्छेद तयार करण्यासाठी हात लागत असतील तर मी वेळ देईन, आणि माझ्यासारखे आणखी काहीजण नक्की पुढे येतील.

आपल्या निर्णयाची वाट पाहत आहे.

कळावे, लोभ असावा,

आपला,
मुक्त फॉन्ट वापरणारा आणि त्यांत सुधारणा करणारा एक वाचक